मांडीचा पट्टा आणि न दिसणारं रक्त

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे पार गेलेत, उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात नागपुरात धंतोलीत ठरलंय. सर्जन म्हणाले मांडीला पट्टा बांधून करू, रक्त जात नाही. पण माझ्या नणंदेच्या सासूचं बिनापट्ट्याचं झालं आणि तिला रक्तही चढवावं लागलं नाही, त्यामुळे आमच्या घरी दोन पार्ट्या पडल्यात. आई तर म्हणते, "माह्या पायाले काऊन बांधून राहिले बाप्पा?" तिचं हिमोग्लोबिन १०.२ आहे. माझ्या मामेभावाला सिकल सेल आहे, ते पण सांगायला पाहिजे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली, म्हणून मी तिथूनच सुरू करतो. सिकल सेल हा रक्ताचा आजार आई-बापाकडून येतो; मामेभावाला तो आहे म्हणजे तुमचे मामा निदान वाहक तरी असणार (म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देणारे), मग त्यांची सख्खी बहीण म्हणजे तुमची आईही वाहक असू शकते, आणि वाहकाला सहसा आयुष्यभर काही त्रास नसतो त्यामुळे ६८ व्या वर्षापर्यंत घरात कोणाला पत्ताच नसतो. पट्टा फुगवला की पायात ताजं रक्त जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, आम्ल साचतं, आणि सिकलच्या पेशी विळ्यासारख्या वाकायला नेमकं हेच लागतं. म्हणून आधी सिकल ओळखणारी रक्ततपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करून घ्या. वाहक निघाल्या तर ऑपरेशन रद्द असं नाही, पण पट्टा लावायचा का, किती वेळ, हे सर्जन वेगळं ठरवतील. सिकल बऱ्याच घरांत असतो, म्हणून आपल्या विदर्भात हा प्रश्न पेशंटने स्वतःहून काढलाच पाहिजे.

आता पट्टा. बीपी मोजायचा असतो ना तसाच, पण रुंद, मांडीवर बांधून साधारण २५० ते ३०० पर्यंत फुगवतात. त्याने सर्जनला जागा कोरडी मिळते आणि नवा सांधा चिकटवायचं सिमेंट हाडात नीट बसायला मदत होते, हा फायदा खराच आहे. पण "रक्त जात नाही" हे अर्धंच. टाकीचा कॉक बंद केला की नळ गळत नाही, म्हणून काय वायसर दुरुस्त झाला का! मी भूल देणारा माणूस, पट्टा किती वाजता फुगवला आणि सोडला हे माझ्याच चार्टवर असतं, आणि सोडल्यावर बीपी खाली येताना मीच बघतो. पाय उपाशी असतो, रक्त जोरात परत येतं, गुठळ्या विरघळवायची शरीराची यंत्रणाही तिथे जास्त चालू झालेली असते, मग सांध्यात आणि मांसात रक्त झिरपत राहतं. ते ना ऑपरेशनमध्ये रक्त ओढून घ्यायच्या सक्शनच्या बाटलीत दिसत ना जखमेतल्या नळीत, म्हणजे ड्रेनमध्ये. आधीचं-नंतरचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि उंची-वजन यावरून हिशेब केला तेव्हा जुन्या मोजणीत एकूण दीड लिटरच्या आसपास रक्त गेलेलं निघालं, त्यातलं निम्मं असं लपलेलं.

२०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्र आढाव्यात, ४१ ट्रायल पाहिल्या, त्यात पट्टावाल्यांना पहिल्या दिवशी दुखणं जास्त, आणि गंभीर त्रास शंभरात साधारण ६ जणांना, बिनापट्ट्यात ३ जणांना. तरी चांगले सर्जन दोन्ही पद्धतीने करतात, ज्याचा हात ज्यात बसलाय त्यात त्याला करू द्यावं, सिकल नसेल तर मी यावरून डॉक्टर बदलणार नाही.

रक्त वाचवायचं खरं काम ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड करतं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये हे औषध पुढे आणलं, ते गुठळी विरघळू देत नाही. चीर द्यायच्या आधी शिरेतून साधारण १ ग्रॅम देतात. आईला आधी हार्ट अटॅक, लकवा किंवा पायात गुठळी झाली असेल तर आधीच सांगा.

आणि १०.२ वर टेबलावर जाऊ नका हो. दोन-तीनने उतरलं तर रक्त चढवायची वेळ येते. महिना हातात आहे, लोह आणि बी-१२ तपासा, गोळ्या पुरणार नसतील तर शिरेतून लोह देता येतं. नणंदेच्या सासूचं हिमोग्लोबिन किती होतं ते विचारा एकदा, मग घरच्या पार्ट्या आपोआप मिटतील.

प्रश्न : बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले, मांडीपासून घोट्यापर्यंत काळंनिळं पडलंय. घाबरायचं का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : वर सांगितलेलं लपलेलं रक्तच बहुतेक खाली उतरतंय, दोन-तीन आठवड्यांत हिरवं-पिवळं होऊन जाईल. पण पोटरी टणक होऊन दुखत असेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप किंवा दम लागत असेल तर फोनवर फोटो पाठवत बसू नका, आजच दाखवा.