सात बेटं गेली कुठे, आणि मुंबईचं बंदर दिसत का नाही?

प्रश्न: मी मूळचा लातूरचा, नोकरीमुळे डोंबिवलीत राहतो. मुंबई सात बेटांची होती असं शाळेत शिकलो पण फिरताना बेट असं कुठे जाणवत नाही. आणि मुंबई बंदरामुळे वाढली म्हणतात, तर जुहू, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह सगळं फिरून झालं, बंदर काही दिसलं नाही. ते आहे तरी कुठे?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुम्ही फिरलात ती सगळी पश्चिमेची बाजू. तिकडे उघडा अरबी समुद्र, पावसाळ्यात लाटा पार रस्त्यावर येतात, तिथे जहाज लावणार कसं? बंदर पूर्वेला आहे. शहर आणि पलीकडचा उरणचा किनारा यांच्या मधे पाणी खोल आहे आणि वाऱ्यालाटांपासून आडोसा आहे, सगळी किंमत त्याचीच होती. 1661 ला इंग्लंडच्या राजाचं पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं, त्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई त्याला दिली आणि त्याने 1668 ला ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तेव्हा इथे कोळीवाडे होते, नारळाच्या वाड्या होत्या आणि बाकी बरीचशी दलदल.

कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही ती सात बेटं. ती कुठे गेली नाहीत, त्यांच्या मधलं पाणी गेलं. वरळीच्या बाजूने भरतीचं पाणी पार आत भायखळ्यापर्यंत यायचं, ते अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवलं, मग 1838 ला कुलाबा कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधलेला रस्ता, झाला, 1845 ला माहीमचा, त्याला पैसे दिले अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी. भरावाची सखल जमीन सखलच राहिली, त्यामुळे आजही मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी पटकन उतरत नाही.

खरी वाढ मात्र एकोणिसाव्या शतकातली. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे, मग 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, 1865 ला युद्ध संपलं आणि तो बाजार कोसळला पण तोवर शहर बदललं होतं. 1869 ला सुएझ कालवा उघडला, युरोप जवळ आला. मग जहाजं लावायच्या गोद्या, म्हणजे डॉक, झाल्या: 1875 ला ससून डॉक, 1880 ला प्रिन्सेस, 1888 ला व्हिक्टोरिया, 1914 ला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. हा शेवटचा डॉक खणताना निघालेली माती शेजारीच समुद्रात टाकली आणि त्यावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, त्या देखण्या दगडी इमारतींमधून चालताना आपण डॉकच्या खड्ड्यातल्या मातीवर चालतोय हे कितीजणांना माहीत असतं! कापडगिरण्यांना माणसं लागली ती कोकणातून, घाटावरून आली, कोकणातला चाकरमानी बोटीने यायचा आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचा.

1989 ला पलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडे गेला. जुन्या बंदराची कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतची जमीन मात्र बरीचशी भिंतींआड आहे, म्हणून तर तुम्हाला बंदर दिसलं नाही. मला मनापासून वाटतं की त्या जमिनीचं पुढे जे काही होईल त्यात आधी लोकांना पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे आणि कोळ्यांची मासळी उतरवायची जागा तशीच राहिली पाहिजे, टॉवर नंतर बघता येतील.

तुम्ही एका रविवारी हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा आणि भाऊचा धक्का गाठा. पहाटे गेलात तर ट्रॉलरमधून पाट्यांवर पाट्या उतरताना दिसतील, बर्फाचा चुरा, पायाखाली चिखलपाणी, कोळणींचा लिलाव आणि तुम्ही मधे उभे राहिलात तर ओरडा पण खाल. तिथूनच पलीकडच्या उरणजवळच्या मोऱ्याची लाँच घ्या. डॉकच्या क्रेन, नांगर टाकून उभी जहाजं, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, मागे घारापुरीचा डोंगर हे सगळं दिसतं, म्हणजे बेट बघायची इच्छापण तिथेच पुरी होईल. फक्त पावसाळ्यात जाऊ नका, हवा खराब असली की फेऱ्या रद्द होतात.