कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन होणार म्हणून रेल्वेप्रेमी एवढे हळवे का झालेत? मालक बदलल्यानं प्रवाशाला काय फरक पडतो?

फरक पडतो. पण ही मंडळी ज्या गोष्टीसाठी डोळे पुसतायत, तिथं नाही.

मी खानापूरचा, बेळगाव–लोंढा लाइनवरचा. मालक बदलणं म्हणजे काय हे आम्हाला विचारा. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि तिची मुख्य कचेरी धारवाडला होती. १ जानेवारी १९०८ ला ती आणि मद्रास रेल्वे एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. कचेरी मद्रासला गेली, धारवाडच्या इमारतीत पुढं कर्नाटक कॉलेज आलं. १९४४ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. १९५१ ला आम्ही दक्षिण रेल्वेत, १९६६ च्या गांधीजयंतीला दक्षिण मध्य रेल्वेत म्हणजे सिकंदराबादच्या हाताखाली, आणि १ एप्रिल २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेत, हुबळीला. शेजारी आणखी गंमत होती. मिरज–कोल्हापूर लाइन कोल्हापूर दरबारची, तिच्यावर गाड्या चालवायची आमची कंपनी. कॅसलरॉकच्या पलीकडची लाइन वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची, ती कंपनी लंडनची, मुलूख पोर्तुगीजांचा, आणि १९०२ पासून कारभार पुन्हा आमच्याच कंपनीकडे. मिरजेवरून कुर्डुवाडीला जाणारी ती छोटी बार्शी लाइट रेल्वे तर १९५४ पर्यंत खासगी कंपनीचीच होती.

एवढे मालक येऊन गेले, पण गुंजीच्या जंगलातल्या चढावर त्यातल्या कोणाच्या राज्यात गाडी हलकी झाली नाही.

माझे आजोबा गुंजीजवळ गँगमन होते. १९४४ चं विचारलं की सांगायचे, पगार वाटणारा बाबू तोच, मुकादम तोच, पहार तीच. मरेपर्यंत ते 'आमची कंपनी' असंच म्हणत राहिले. सरकारनं ती घेऊन तीसेक वर्षं झाली होती, तरी. लहानपणी मी खानापूर स्टेशनात टोकन देताघेताना बघत उभा राहायचो. बांबूचं रिंगण, त्याला चामड्याची पिशवी, आत लोखंडी गोळा. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढच्या स्टेशनाकडं जायचं नाही. इंजिनावरचा माणूस धावत्या गाडीतून हात वाकवून ते रिंगण कोपरात अडकवून घ्यायचा. झोन बदलले, पाट्या बदलल्या, गोळा काही हटला नाही. तो हटवला नव्या सिग्नल यंत्रणेनं. नव्वदच्या दशकात मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीची लाइन, जाऊन रुंद ब्रॉडगेज आलं तेव्हाही मालक बदलला नव्हता, पण आमचं आयुष्य बदललं. त्याआधी पुण्याला जायचं तर मिरजेला उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊन, ब्रॉडगेजच्या गाडीत जागा धरायला पळावं लागायचं. मला विचाराल तर रडायचंच असेल तर मीटरगेजसाठी रडा. तिकडं पळापळ होती, पण लाइन आमच्या मापाची होती.

आता मूळ दुखणं सांगतो, कारण प्रश्न वाचल्यावर मला आधी तेच आठवलं.

माझे थोरले साडू कोकण रेल्वेत आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. माणूस चांगला, पण बोलायला बसला की दर तिसऱ्या वाक्याला 'आमची कंपनी'. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला कुडाळला गेलो होतो. रात्री जेवणं झाली, अंगणात खुर्च्या टाकून बसलो, आणि अण्णांनी सुरू केलं. बोगदे ब्याण्णव, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा पूल ६४ मीटर उंच, लाइन बांधणारे श्रीधरनसाहेब, ती मार्गी लावणारे मंत्री फर्नांडिस आणि दंडवते. इथपर्यंत सगळं खरं आणि मान्य. मग म्हणाले, "तुमचं काय हो, हुबळीचं सरकारी खातं. आमची ओळख आहे. लोक नाव काढतात."

मी म्हटलं, "अण्णा, तुमची लाइन पुरी व्हायला १९९८ उजाडलं. आमच्याकडं शंभर वर्षं आधी कंपनी होती."

"होती ना? मग गेली कुठं? कोणाला आठवते?"

पाहुण्यांसमोर गप्प बसलो. पण बोच राहिली. दिवाळीत अण्णा सहकुटुंब खानापूरला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना गाडीवर घालून बाहेर काढलं. बायकोनं विचारलं तर म्हटलं, भात बघून येतो. लोंढ्याच्या बाजूला एका शेताच्या कुंपणाला जुन्या रुळाचा तुकडा उभा पुरलेला आहे, हे मला मित्राकडून कळलं होतं. जुन्या रुळांच्या पोटावर कारखान्याचं नाव, साल आणि रेल्वेची आद्याक्षरं उठावात असतात. आमचा पाचसहा जणांचा रेल्वेवेड्यांचा कंपू आहे, त्यांचा हा धंदाच: कुठं खांब दिसला की वाक आणि वाच.

खांब सापडला. त्याला दावं बांधलेलं आणि दाव्याला म्हैस. म्हशीला बाजूला घेईस्तोवर अण्णांच्या पांढऱ्या पॅंटीची गत झाली. मी नारळाच्या काथ्यानं गंज घासला, खिशातला खडू आडवा धरून फिरवला. अक्षरं उठली. आधी कारखान्याचं नाव, निम्मं गेलेलं. मग एक, नऊ, एक आणि पुढचा आकडा गंजानं खाल्लेला. आणि मग एम, मधलं चिन्ह, एस, एम: मद्रास अँड सदर्न मराठा. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

अण्णा चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, "तो एस कशावरून? पाचाचा आकडा असेल."

तेवढ्यात शेतकरी आला. आम्ही दोघं वाकलेले, हातात खडू. त्याचा चेहराच उतरला. "मोजणीला आलासा काय? दुसरी लाइन झाली की हो, आता तिसरी घालतासा?" त्याला समजावता समजावता पुरेवाट झाली. रुळ कुठून आला विचारलं तर म्हणाला, आज्जानं लिलावात घेतला होता. मी कंपनीची सगळी कुळकथा त्याला सांगितली, १९०८ पासून. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मालक कोण का असंना साहेब, फाटक होतं तेवढं बरं होतं. आता खालनं रस्ता काढलाय, पावसाळ्यात त्यात म्हशी पोहत्यात."

अण्णा एवढ्या मोठ्यानं हसले की मला राग आला. पण विचार केला तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या माणसानं देऊन टाकलं होतं.

परतताना चहाच्या टपरीवर मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, "अण्णा, कोकण रेल्वे महामंडळ १९९० ला निघालं तेव्हा भागभांडवल कोणाचं होतं? केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, गोवा सहा, केरळ सहा. आणि कर्नाटकाचे १५. म्हणजे तुम्ही ज्याला तुमची कंपनी म्हणता तिच्यात माझ्या कराचा पैसा आहे. मी भागधारक आहे, तुम्ही नोकर." आयुष्यभर सीमाप्रश्नाच्या मोर्चात घोषणा देत आलेला मी, साडूला हरवायला कर्नाटकाची बाजू घेऊन बसलो होतो. टपरीवाल्यानं वर बघितलं. अण्णांनी चहाचे पैसे दिले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर आता विलीनीकरण. गोवा, कर्नाटक, केरळ यांच्यानंतर महाराष्ट्रानंही २०२५ मध्ये संमती दिली, कोकण रेल्वे हे नाव कायम ठेवायचं या अटीवर. रेल्वेप्रेमींच्या गटांत तेव्हापासून सुतक चालू आहे. यातले बरेच जण ठाण्या-डोंबिवलीचे, गणपतीला जाणारे, आणि उरलेल्या वर्षात वळणावर उभं राहून इंजिनाचे व्हिडिओ काढणारे. त्यांना डब्यावरची अक्षरं प्यारी. त्यांचं प्रेम खोटं नाही, पण कंपनीकडं दुहेरीकरणाला पैसे नव्हते हे त्यातलं कोणी बोलत नाही. ७४१ किलोमीटरपैकी रोहा–वीर हा सत्तेचाळीसेक किलोमीटरचा तुकडा २०२१ ला दुहेरी झाला, बाकी एकेरीच. गाडी क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, उभी राहते ती काही ओळख टिकवायला नव्हे. आमच्या 'ओळख नसलेल्या' खात्यानं लोंढा–बेळगाव–घटप्रभा दुहेरी करून २०२३ ला मोकळं केलं. अण्णा, ऐकताय ना?

शिवाय कोकण रेल्वेवर भाडं काढताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात. बांधकामाचं कर्ज फेडायला ते ठेवलं होतं. विलीनीकरणानंतर ते काढणार की तसंच ठेवणार, हा प्रवाशानं विचारायचा प्रश्न. लोगोचा नव्हे.

आणि याहून मोठा प्रश्न हद्दीचा. मिरजेच्या अलीकडं हुबळी विभाग संपतो, पलीकडं मध्य रेल्वेचा पुणे विभाग लागतो. बेळगावच्या माणसाला पुणं-मुंबई जवळची, पोरं तिकडं नोकरीला, सोयरीक तिकडची, पण आमच्या लाइनीचं वेळापत्रक ठरवणारी कचेरी बघते बंगळूरकडं. त्यात तिचं चुकतं असंही नाही, तिची हद्दच तशी आहे. गाडी दोन झोनच्या शिवेवरून न्यायची तर दोन्हीकडचे होकार लागतात, आणि अर्ज घेऊन जाणाऱ्याला दोन्हीकडं सांगतात की तो विषय त्यांचा. हुबळी–पुणे वंदे भारत २०२४ ला सुरू झाली, म्हणजे होतच नाही असं नाही. (ती खानापूरला थांबत नाही, पण तो राग वेगळा.) कोकण रेल्वेचं आज सुख हे की रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकुरापर्यंत तीन राज्यांतून लाइन जाते आणि कचेरी एकच, बेलापूरला. सावंतवाडीच्या थांब्याचा अर्ज आणि कारवारच्या थांब्याचा अर्ज एकाच दारात. उद्या नाव तेच ठेवून लाइनीचे तुकडे तीन झोनांना वाटले, तर सावंतवाडी आणि पेडणे यांच्यामध्ये एक रेघ पडेल आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं आमच्यासारखी होतील. महाराष्ट्रानं नावाची अट घातली ती चांगलीच, पण मी असतो तर अखंड लाइन आणि एक कचेरी, ही अट आधी घातली असती.

एक राहिलं. मी रेल्वेत नोकरी केलेली नाही, त्यामुळं आतल्या माणसांच्या भीतीबद्दल हलक्यानं बोलणार नाही. कंपनीतला माणूस मोठ्या खात्यात गेला की ज्येष्ठतेची यादी कशी लागणार, बदली कुठं होणार, जमिनी दिलेल्यांच्या पोरांच्या नोकरीचं काय, हे प्रश्न खरे आहेत आणि ते कोणत्याही रेल्वेवेड्याच्या हळहळीपेक्षा जड आहेत. अण्णांचीही निवृत्ती जवळ आली आहे आणि अलीकडं फोनवर ते 'कंपनी' जरा कमी म्हणतात, तेव्हा मी विषय वाढवत नाही. विलीनीकरणाच्या बाजूनं मी आहे, पण माणसांचं आधी कागदावर ठरवून मग.

तुम्ही कोकणातले असाल तर निवेदन लिहा, आणि त्यात नाव, रंग, लोगो यांवर एक ओळसुद्धा खर्च करू नका. दोन मुद्दे लिहा: ४० टक्क्यांचं काय, आणि झोनची हद्द कुठं. खासदाराकडून उत्तर लेखी घ्या. रेल्वेवेडे असाल तर आमच्याकडं या, खांब दाखवतो. येताना खडू घेऊन या आणि एस आहे की पाच, ते स्वतः वाचून अण्णांना कळवा. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही.