सोळा चौकोन आणि लाखाचा लॅपटॉप

प्रश्न: ताई, माझा मुलगा सोलापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी पाच वर्षं तबला शिकला, मध्यमा प्रथमपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि तबला माळ्यावर गेला. आता त्याला 'ईडीएम', म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं नाचाचं संगीत, करायचं आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं, यावरून वाद आहे. हॉस्टेलवरचा एक मित्र म्हणतो एफएल स्टुडिओच घे. दुसरा म्हणतो एबलटन नसेल तर कोणी विचारत नाही. आणि याने व्हिडिओ बघून हट्ट धरलाय की लॉजिक हवं, म्हणजे मॅकबुक हवं. घरात ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, घेऊन दीडच वर्ष झालं. त्याचे बाबा म्हणतात, 'चांगला तबला सोडून हे धाड धाड कसलं संगीत?' काय घेऊन द्यावं?
— एक आई, बार्शी

उत्तर: मॅकबुक घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे घरातलं वातावरण निवळेल.

लॉजिक वाईट नाही, उलट एका किमतीत त्यात जेवढं मिळतं तेवढं क्वचित कुठे मिळत असेल. पण ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. पूर्वी ते विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना दार बंद झालं. ज्यांच्याकडे मॅक आधीच आहे त्यांनी ते खुशाल घ्यावं. सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉप बदलणं म्हणजे पेटी खोक्यात बसेना म्हणून घर बदलण्यासारखं आहे. तुमच्या ८ जीबीवर बाकीची दोन्ही चालतात. गाणं फार भरलं की अडखळतील, पण शिकणाऱ्याचं गाणं फार भरलेलं नसावंच.

आता मुलाशी बोलते. पुढचं त्याला वाचायला द्या.

अरे, तुझ्या मित्रांच्या भांडणात एक गोष्ट कोणी विचारलेली दिसत नाही, ती म्हणजे तू तबलजी आहेस. पाच वर्षं हात बोलांवर बसलाय. निवड तिथून सुरू कर.

एफएल स्टुडिओ उघडलास की समोर सोळा चौकोनांची एक ओळ दिसेल. तीच त्याची मूळ ओळख. १९९७ मध्ये बेल्जियममध्ये ते 'फ्रुटीलूप्स' नावाने निघालं तेव्हा जवळजवळ तेवढंच होतं, ढोलाच्या आवाजाला चौकोन लावायचे आणि फिरवत ठेवायचे. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होते. काही वर्षांनी आमच्या ऑक्टोपॅडवाल्याने एका सायबर कॅफेत मला ते दाखवलं आणि माझ्या तोंडून निघालं, 'अरे, हा तर त्रिताल!' तो हसला. त्याला त्रिताल येत नव्हता.

तू करून बघ. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या चौकोनावर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा खोल ठोका, ठेव. 'हाऊस' नावाच्या नाचाच्या संगीताचा ठोका झाला. पण हीच त्रितालाच्या विभागांची सुरुवात आहे, सम, दुसरी टाळी, खाली, तिसरी टाळी. पाच आणि तेरावर क्लॅप टाक. तीन, सात, अकरा, पंधरावर हाय-हॅट, म्हणजे ड्रमवाल्याची झांज. वेग मिनिटाला १२४ ठोके ठेव. नाचायला लागतील लोक. (सोळा चौकोन म्हणजे चारच ठोके, एकेक चौकोन पाव मात्रेचा, हे मला ठाऊक आहे. हिशेबाचं पत्र पाठवू नकोस.)

आता एक गोष्ट खटकेल. नवव्यावरही किक आहे, म्हणजे खालीच नाही! ठेक्यात त्या विभागातला पहिला 'धा' झाला की डग्गा गप्प होतो, 'तिं तिं ता' नुसत्या उजव्या तबल्यावर जातं, आणि डग्गा परत आला की बरं वाटतं. या संगीतात ती खाली आवर्तनाच्या आत नसते, आठ-आठ, सोळा-सोळा आवर्तनांनी येते. किक काढून घेतात, बास काढून घेतात, वरवरचे सूर लोंबकळत ठेवतात आणि मग सगळं एकदम समेवर टाकतात. लोक ज्याला 'ड्रॉप' म्हणतात तो हाच. तुला हे कोणी शिकवायची गरज नाही, तुझ्या गुरुजींनी शिकवून ठेवलंय.

एबलटन लाइव्हची घडण वेगळी आहे. बर्लिनमध्ये ज्यांनी ते उभं केलं ते स्वतः मंचावर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारे होते, आणि २००१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून ते वाजवायचं वाद्य आहे, लिहायची वही कमी. त्याच्या सेशन व्ह्यूमध्ये उभ्या रांगांत तुकडे ठेवलेले असतात. बोट लावलं की तुकडा सुरू होतो, आणि तो आपोआप पुढच्या आवर्तनाच्या तोंडावरच उचलला जातो. चूक करायची सोय नाही. शिवाय प्रत्येक तुकड्याची लांबी वेगळी ठेवता येते. सात मात्रांचा रूपकाचा तुकडा चारच्या किकवर सोडून दे. दोघं आपापल्या वाटेने फिरतात आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर समेवर एकत्र येतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दोनपर्यंत तेवढंच ऐकत बसले होते. एफएलमध्येही हे जमतं, पण मांडून करावं लागतं. लाइव्हमध्ये ते खेळता खेळता होतं.

त्याची दुसरी ताकद म्हणजे वार्प. जुनं रेकॉर्डिंग, समजा हलगीचं, कधीच घड्याळासारखं चालत नाही. रंगात आलं की वाढतं, दमलं की उतरतं. लाइव्हमध्ये त्या आवाजावर खुणा मारायच्या, ही इथे मात्रा, ती तिथे मात्रा, की ते ताणून-आखडून किकबरोबर बसतं. या एका कामासाठी मी स्वतः लाइव्हवर गेले.

मग तुला काय सांगू? एफएल घे. कारण तू अजून मंचावर जात नाहीयेस, हॉस्टेलच्या खाटेवर बसून आवर्तनं मांडणार आहेस, आणि मांडण्यासाठी ते सोपं आहे. मार्टिन गॅरिक्स, अविची या डीजेंनी जगभर गाजलेली गाणी त्यातच केली, त्यामुळे 'ते पोरांचं खेळणं आहे' म्हणणाऱ्या मित्राकडे लक्ष देऊ नकोस. शिवाय एकदा पैसे भरले की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, हा त्यांचा नियम आहे आणि त्यांनी तो पाळलाय. लाइव्हमध्ये मोठी नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे मोजावे लागतात.

पण एक खाचखळगा आहे. एफएलची सगळ्यात स्वस्त 'फ्रुटी' आवृत्ती घेऊ नकोस. तिच्यात तबला रेकॉर्ड करून गाण्यात मांडता येत नाही. तुला 'प्रोड्यूसर' लागेल. दुकानात स्वस्त दिसतं म्हणून तबल्याचा नुसता डग्गा आणण्यातला प्रकार होईल तो.

आणि लगेच विकत घेऊही नकोस. एफएलची चाचणी आवृत्ती किती दिवस वापरावी याला मर्यादा नाही. गाणं बाहेर काढता येतं, ठेवता येतं, पण ठेवलेलं पुन्हा उघडत नाही, पैसे भरेपर्यंत. सगळे या अटीवर चिडतात. मला ती आवडते. एका बैठकीत एक आवर्तन पूर्ण करून उठायची सवय लागते. लाइव्हची चाचणी आवृत्ती ३० दिवस सगळ्या सोयींसह मिळते. एकच काम दोन्हीत करून बघ, किक, क्लॅप, एक बास आणि माळ्यावरून काढलेल्या तबल्याचा मोबाइलवर टिपलेला एक तुकडा. ज्यात तू जेवायची हाक विसरशील ते तुझं. ते लाइव्ह निघालं तर माझं वरचं सगळं विसर.

रीपर नावाचं तिसरंही आहे, विनॅम्प हे गाणी वाजवायचं जुनं सॉफ्टवेअर बनवलेल्या माणसाने केलेलं, हलकं आणि स्वस्त. रेकॉर्डिंग कापायला-जोडायला मी रोज वापरते. पण त्यात तयार आवाज फारसे नाहीत, तू कंटाळशील.

क्रॅक, म्हणजे चोरीच्या कॉपीबद्दल बोलायलाच हवं, कारण हॉस्टेलवर पेनड्राइव्ह फिरत असणार. माझ्याकडेही होतं. एका मंडळाचं गाणं केलं होतं, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री शेवटचा हात फिरवायला बसले तर प्रोजेक्ट उघडेना. त्या 'फुकट' सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या व्हायरसने अर्ध्या फायली खाऊन टाकल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षांना फोन करताना हात थरथरत होता. मिरवणूक दुसऱ्याच कोणाच्या गाण्यावर निघाली, आगाऊ घेतलेले पैसे मी दोन हप्त्यांत परत केले.

आता पुन्हा ताई, तुमच्याशी. मॅकबुकच्या पैशातला थोडाच भाग खर्च करा. कान झाकणारे बरे हेडफोन घ्या, कानात खुपसायचे नव्हेत. दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्या मधली आवाजाची पेटी, घ्या. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डावर बोट दाबल्यावर आवाज उशिरा येतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबात ५१२ नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधीचा साठा, ठेवला तर तेवढ्यातच सुमारे १२ मिलिसेकंद जातात, वर यंत्राचा स्वतःचा उशीर. तुम्हाला-मला कळणार नाही, तबलजीच्या बोटाला लगेच कळतं. इंटरफेसवर १२८ पर्यंत खाली आणता येतं. उरलेच पैसे तर २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. सॉफ्टवेअर दिवाळीनंतर घ्या, नोव्हेंबरच्या शेवटी बऱ्याच कंपन्या सूट देतात.

आणि त्याच्या बाबांना एवढंच सांगा. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग नावाच्या हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या वादकाने रोलंडची तीन यंत्रं घेतली, ताल देणारं ८०८, बास वाजवणारं ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, आणि त्यावर ललत, तोडी, यमन, मालकंस वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फारसं ढुंकून पाहिलं नाही. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून 'ॲसिड हाऊस' काढलं, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ही मुंबईची रेकॉर्ड ऐकून परदेशातले लोक चाट पडले. तेही धाड धाडच होतं, पण तोडीतलं.

प्रश्न: मी एबलटनमध्ये रिमिक्स करतो. हेडफोनवर बास भरून येतो, पण गावच्या डीजेच्या गाडीवर लावलं की बास गायब. लाइव्ह सोडून एफएल घेऊ का?
— नाव छापू नये, इस्लामपूर

उत्तर: सॉफ्टवेअर बदलून गाडी बदलणार नाही. तू बासला 'रुंद' करणारा इफेक्ट लावला असणार. त्यात डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज एकमेकांच्या उलट्या लाटेत जातो. हेडफोनवर दोन कान वेगळे, म्हणून भव्य वाटतं. गाडीवरच्या स्पीकरच्या भिंतीला बहुतेक वेळा दोन्ही बाजू एकत्र करून मोनोच देतात, तिथे लाटा एकमेकींना खातात. लाइव्हमध्ये 'युटिलिटी' लाव, त्यात खालचे सूर मोनो करायचं बटण आहे. आणि मिक्स करताना अधूनमधून सगळंच मोनो करून ऐक. बास हेडफोनवर थोडा अरुंद वाटेल. वाटू दे.

प्रश्न: छोट्या कंट्रोलरसोबत लाइव्ह लाइट, म्हणजे एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती, मिळालं. सायट्रान्स, म्हणजे गोव्याचं वेगवान नाचाचं संगीत, करतो. ८ ट्रॅकमध्ये काहीच बसत नाही. अपग्रेड करावं का?
— म्हापसा

उत्तर: करा, पण सहा महिन्यांनी. किक, क्लॅप, हॅट, पर्कशन हे सगळं एका 'ड्रम रॅक'मध्ये घाला, तो एकच ट्रॅक धरला जातो. झालेला ट्रॅक ऑडिओत काढा आणि त्याच रांगेत पुढचा तुकडा ठेवा. ८ संपले म्हणणाऱ्या बहुतेकांचे चार ट्रॅक नुसते हॅटचे असतात.

सायट्रान्समध्ये खरं काम दोन ट्रॅकचंच आहे, किक आणि त्यामागे धावणारा बास. १४५ च्या वेगाला एका पाव मात्रेला जेमतेम १०३ मिलिसेकंद मिळतात. किकचं शेपूट त्याहून लांब असेल तर ते पहिल्याच बासवर पाय देतं आणि सगळं चिखल होतं. आधी किक कापा, मग प्रत्येक बासचा स्वर थोडा आखूड करा, आणि दोघं एकमेकांना न शिवता धावताहेत का ते ऐका. तुमच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्याकडे आठ ट्रॅकही नव्हते, डॅट म्हणजे डिजिटल टेपच्या कॅसेटी होत्या.