वाचकांचे प्रश्न : भाव कुणी ठरवायचा?

या वेळी पत्रं आणि मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय. मी इथे उदारमतवादाची, म्हणजे बाजारात सरकारने कमीत कमी मध्ये यावं या विचाराची बाजू मांडतो, बहुतेक प्रश्न त्यावरच आहेत. कांदा आणि वाडा या दोन गोष्टींवर लोक पोटतिडकीने लिहितात त्यामुळे तिथे जरा लांबण लागेल.

प्रश्न (एक वाचिका, कोथरूड) : तुम्ही लिहिलंत की कांद्याची निर्यातबंदी हा शेतकऱ्यावर अन्याय होता. मी शेतकऱ्याच्या विरोधात मुळीच नाही, पण घरात पाच माणसं आहेत, कांदा ऐंशी रुपये किलो झाला की भाजीवाल्याकडे पावकिलो मागायची वेळ येते. सरकारने माझ्यासारखीचा विचार केला तर बिघडलं कुठे?

उत्तर : ताई, तुमची अडचण खरी आहे आणि महिन्याचा हिशोब घरात कोण बसवतं हे मला माहितीये, त्यामुळे "शेतकऱ्यासाठी थोडं सोसा" असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. पण बंदी नेमकी कशी आली ते एकदा बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर आला, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायला मनाई, आणि ७ डिसेंबरला सरळ बंदी. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली, पुढे लांबली, उठली ४ मे २०२४ ला आणि तेव्हाही ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क मानेवर होतंच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ कांदा लावणाऱ्याला उद्या काय नियम असेल हेच कळत नव्हतं.

आता डिसेंबरचं महत्त्व. एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा, तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. बंदी आली ती नेमकी या लाल कांद्याच्या तोंडावर, ज्याला थांबायची सोयच नाही. त्या आठवड्यात मी खेड तालुक्यात ओळखीच्या एका घरी गेलो होतो. ओट्यावर पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीचा हिशोब, पडलेली होती, वजन, भाव, त्याखाली हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा, आणि सगळ्यात खाली जो आकडा होता त्यावर घरातल्या कुणी पेनाने गोल केला होता. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "ट्रॉली भरली तेव्हा बंदी नव्हती, बाजारात पोचली तेव्हा होती." मागच्या अंगणात गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, ढीग तसाच पडलेला, कोंब फुटलेले, वास असा की दारात उभं राहवत नव्हतं.

तुम्हाला त्या महिन्यात कांदा स्वस्त मिळाला हे खरं. पण ज्याला असा फटका बसतो तो पुढच्या हंगामात दोन एकराच्या जागी एकच एकर लावतो, बी विकत घ्यायलाच पैसे नसतात, मग आवक कमी होते आणि भाव चढतात ते तुमच्याच पिशवीत येऊन पडतात. पुढच्या वर्षीच्या ऐंशी रुपयांत काही रुपये या वर्षीच्या बंदीचे असतात, फक्त ते बिलावर वेगळे छापलेले नसतात. बाहेरची गिऱ्हाइकं तुटतात ते आणखी वेगळं. सप्टेंबर २०१९ ला बंदी, सप्टेंबर २०२० ला परत बंदी, बांगलादेशसारखा आपला मोठा गिऱ्हाईक किती वेळा आपल्या भरवशावर राहील, तो स्वतःच्या शेतात कांदा वाढवणारच की.

आणि हे आजचं नाहीये. तुमच्या कोथरूडपासून तासा-दीड तासावर चाकण आहे, आज तिथे गाड्यांचे कारखाने दिसतात, पण शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेतली नोकरी सोडून आले आणि जवळच आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले तेव्हा त्यांना पहिला धडा मिळाला तो कांद्याचाच. १९८० मध्ये पुणे-नाशिक रस्ता शेतकऱ्यांनी अडवला तो कांद्याच्या भावासाठी. पंचेचाळीस वर्षं झाली, मागणी तीच आहे : आमच्या मालाचा भाव पाडायला मध्ये येऊ नका.

मग तुमचं काय? माझं म्हणणं असं की भाव चढला आणि गरीब घराला झळ बसली तर सरकारने त्या घराला पैसे द्यावेत, थेट खात्यात, सगळ्यांच्या करातून. आज होतं काय की लाखो घरांची मदत काही जिल्ह्यांतल्या कांदा उत्पादकांच्या खिशातून काढली जाते. आणि दुसरं म्हणजे साठवणुकीला गुन्हा समजणं थांबवावं. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा डोक्यावर असताना साठा मर्यादा कधी लागेल सांगता येत नाही, मग मोठं गोदाम किंवा शीतगृह बांधायला पैसा घालणार कोण? साठवणारा असेल तर मे महिन्यात भाव इतका पडणार नाही आणि नोव्हेंबरात इतका चढणारही नाही, त्यात तुमचाही फायदा आहे.

प्रश्न (एक वाचक, मंचर) : लाडकी बहीण योजनेला तुमच्या विचाराची माणसं रेवडी म्हणतात. माझ्या बायकोला महिन्याला १५०० मिळतात. आम्ही काय भिकारी आहोत का?

उत्तर : अजिबात नाही, आणि मी तो शब्द वापरत नाही. रोख रक्कम थेट बाईच्या खात्यात येते, तिचं काय करायचं ते ती ठरवते, शिलाई मशीन नाहीतर साडी वाटण्यापेक्षा हे कितीतरी बरं, तिच्या अकलेवर विश्वास ठेवल्यासारखं आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. जुलै २०२४ पासून एका हाताने महिन्याला १५०० द्यायचे आणि त्याच काळात दुसऱ्या हाताने त्याच घरच्या कांद्यावर आधी ४० टक्के आणि सप्टेंबरपासून २० टक्के शुल्क चालू ठेवायचं, यात तुमच्या घरात नक्की किती आले आणि किती गेले याचा हिशोब तुम्हीच मांडून बघा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती "भीक नको, हवे घामाचे दाम". ती मला आजही पूर्ण पटते. याच संघटनेने लक्ष्मीमुक्ती नावाने घरच्या बाईच्या नावावर जमीन करून द्यायची चळवळ केली होती, हेही लक्षात असू द्या. मालकी हातात असणं आणि दर महिन्याच्या हप्त्याची वाट बघणं यात मला पहिलं मोठं वाटतं.

प्रश्न (एक विद्यार्थी, डेक्कन) : उदारमतवाद म्हणजे शेवटी इंग्रजांकडून आलेला श्रीमंतांचा विचार ना?

उत्तर : मित्रा, तू राहतोस तिथून गोखले इन्स्टिट्यूट चालत जाण्याइतकं जवळ आहे, १९३० ची संस्था. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने ती आहे त्यांचं १९०२ चं बजेटवरचं भाषण वाच. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि राज्यकर्ते ती भरभराटीची खूण म्हणून मिरवत होते, गोखले उभे राहिले आणि म्हणाले की लोक हालात असताना तिजोरीत शिल्लक राहते याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतलाय. त्यांनी मागितलं काय, तर मिठावरचा कर कमी करा. मीठ श्रीमंतापेक्षा मजुराला जास्त लागतं, त्याच्या भाकरीवर तेवढंच असतं कधीकधी. मणाला अडीच रुपये होता तो कर १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ ला दीड, १९०७ ला एक. आणि याच माणसाने १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते सरकारने मंजूर होऊ दिलं नाही. सरकारने काहीच करू नये असं ते कधीच म्हणाले नाहीत, शाळा काढा म्हणाले आणि मजुराच्या मिठातून हात काढा म्हणाले. यात श्रीमंतांचं काय आहे ते तूच सांग.

प्रश्न (एक वाचक, कसबा पेठ) : आमचा आजोबांच्या वेळचा वाडा. चार भाडेकरू, भाडं ३० ते ६० रुपये. एका खोलीला सहा वर्षं कुलूप आहे, ते लोक बाणेरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. दोन खोल्यांत मात्र खरंच गरीब माणसं आहेत. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस आली. दुरुस्ती कुणी करायची, कशातून करायची?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही त्या दोन खोल्यांचा उल्लेख स्वतःहून केलात.

मागच्या वर्षी अशाच एका वाड्यात गेलो होतो. सागवानी खांब अजून सरळ, जोत्याचा दगड ठणठणीत, पण जिन्याखालच्या तुळईला वाळवी लागलेली, बोट लावलं की भुगा खाली पडायचा, वर कौलं सरकलेली आणि त्यावर निळी ताडपत्री दगड ठेवून दाबलेली. मालक म्हणाले पन्नास रुपयांत मी कौलं कशी बदलू, भाडेकरू काकू म्हणाल्या घर माझं नाही मग मी का खर्च करू, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या दोघांना असं समोरासमोर उभं करणारा कायदा मात्र दोघांच्याही हिताचा नव्हता.

हे झालं कसं? मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा, तात्पुरता म्हणून आलेला, आणि भाडं बांधलं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. महायुद्ध होतं, जागेची टंचाई होती, तेव्हाची अडचण मी नाकारत नाही. पण त्या तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं गेली. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की असं गोठवलेलं भाडं आता समर्थनीय राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. आता तुम्हीच गणित करा, तेव्हाचे ५० रुपये धरले आणि चक्रवाढीने वाढवले तरी २५ वर्षांत १३३ रुपये होतात, एवढ्यात गवंडी एक दिवस सुद्धा येत नाही. एक गोष्ट मात्र त्या कायद्याने बरोबर ओळखली : बँका, आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या यांना संरक्षणातून बाहेर काढलं. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला संरक्षण नको हे तत्त्व सरकारला मान्य आहे. बाणेरच्या फ्लॅटवाल्याला तेच का लागू नये?

आणि याची झळ ज्यांना बसली त्यातले बरेच जण वाड्यात कधी राहिलेच नाहीत. भाडेकरू निघणार नाही या भीतीने लोकांनी जागा भाड्याने द्यायचंच सोडलं, ११ महिन्यांचे करार आले, कित्येक फ्लॅट नुसते बंद राहिले. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी होती. सगळी या एका कायद्यामुळे नाहीत, पण भीती हे त्यातलं एक कारण आहेच. लातूर-नांदेडहून इथे शिकायला नाहीतर कामाला आलेला पोरगा चार जणांत एक खोली वाटून घेतो, त्याची बाजू कुठल्याच तारखेला कोर्टात उभी राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, कुलूप लावलेली खोली मालकाला लवकर परत मिळावी (सहा महिने विनाकारण वापरात नसेल तर कोर्टात मागायची सोय १९९९ च्या कायद्यात आहे), ज्यांची ऐपत आहे त्यांचं भाडं पाच-सात वर्षांत टप्प्याटप्प्याने बाजारभावाला यावं, आणि तुमच्या त्या दोन गरीब घरांच्या भाड्यातला फरक सरकारने भरावा. त्यांना आधार मिळायलाच हवा, पण तो सगळ्या पुण्याने मिळून द्यावा, एकट्या तुमच्या कुटुंबाने तीन पिढ्या का द्यायचा? बाकीचं कायद्यात यायला वेळ लागेल. तोवर तुमच्यासाठी : चारही भाडेकरूंना एकत्र बसवा, वाड्याची संरचना तपासणी करून घ्या आणि पुनर्विकास झाला तर त्यांना काय मिळेल ते लेखी द्या. आणि ती दोन घरं या पावसात त्या खोल्यांत राहणार नाहीत याची तजवीज आधी करा, बाकी सगळं नंतर.

प्रश्न (एक रिक्षाचालक, हडपसर) : २०१७ ला परवाने खुले केले आणि रस्त्यावर रिक्षाच रिक्षा झाल्या. तुम्ही परवाने खुले करण्याच्या बाजूने लिहिता. दादा, आमच्या पोटाचं काय?

उत्तर : दादा, तुमचं उत्पन्न कमी झालं हे मी मान्य करतो, तसं होणार होतंच. पण १९९७ पासून २०१७ पर्यंत नवीन परवान्यांवर मर्यादा होती त्या वीस वर्षांत काय चाललं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. चालकाचा बॅज आहे, गाडी चालवता येते, पण परवाना दुसऱ्याच्या नावावर, आणि रोज संध्याकाळी धंदा होवो न होवो भाडं त्याच्या हातावर ठेवायचं. ती माणसं परवाना खुला झाल्यावर स्वतःच्या रिक्षेचे मालक झाली. त्यांना परत भाड्याच्या रिक्षेवर बसवायला मी हो म्हणू शकत नाही.

तुमची तक्रार जिथे खरी आहे ती जागा मला दुसरी दिसते. दार अर्धंच उघडलंय. रिक्षा किती यावरची मर्यादा २०१७ ला उठली, पण भाडं अजून सरकारी प्राधिकरणच ठरवतं. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर लागला. सीएनजीचा भाव मात्र तुमच्यासाठी कुणी थांबवत नाही, विमा, टायर, मुलांची फी सगळं वाढतं, आणि तुम्ही बैठक होऊन नवीन दरपत्रक लागायची वाट बघत बसता. माझ्या मते सरकारने फक्त वरची मर्यादा ठरवावी, तीही इंधनाच्या भावाला जोडून आपोआप बदलणारी, त्याच्या खाली तुम्ही काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मीटरचं सील, ब्रेक, चालकाची पडताळणी यात सरकारने अजिबात ढिलाई करू नये, ते त्याचंच काम आहे.

तुम्ही लिहिलंय की रोजचा हिशोब वहीत ठेवता. त्यातले एका महिन्याचे आकडे पाठवाल का, किती फेऱ्या, किती सीएनजी, किती तास रिकामे उभे? नाव न टाकता पुढच्या अंकात छापतो, म्हणजे दर ठरवणाऱ्यांपुढे ठेवायला निदान एक खरी वही तरी असेल.