कलाकार राहायला येणार, जेवणार कुणाकडे?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा वेंगुर्ले तालुक्यात, समुद्राच्या कडेला. पट बावीस. एखादा कलाकार पंधरा दिवस राहायला बोलवावा, मुलांबरोबर गावालाही त्यात ओढावं, असं मनात आहे. ओळखीतला मुंबईचा एक चित्रकार फुकट यायला तयार आहे. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या ‘फुकट’पाशीच थांबा. मी चित्रकलेचा मास्तर होतो तेव्हा आमच्याकडे असाच एक पाहुणा आला. चार दिवसांत चिऱ्याच्या भिंतीवर डॉल्फिन आणि कमळं काढून गेला. गावाला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली, डॉल्फिनचे पोपडे पडले आणि खरवडायचं काम माझ्या गळ्यात.

आधी कुडाळकडे बघा. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पोथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एकेक पान उभं धरायचं आणि कथा गायची. मुंबईच्या चित्रकारालाही येऊ द्या, पण पोथी शिकायला, मुलांच्या ओळीत बसून.

दशावतारी हवा असेल तर वेळ सांभाळा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो वैशाखापर्यंत हाती लागत नाही. रात्रभर नाटक करून आलेल्याला सकाळी दहाला वर्गात उभं करणं म्हणजे पाप. भाताची लावणी आटपली की बोलवा, नारळी पौर्णिमेच्या आधी. बऱ्याच होड्या वर ओढलेल्या असतात, बापये म्हणजे पुरुषमाणसंही घरी असतात.

हे बापये महत्त्वाचे. आमच्याकडे बाहुल्यांची तालीम चालली होती आणि राणीच्या हाताचा दोरा तुटला. सातवीतल्या एका पोराचा बाप दारात छत्री घेऊन उभा. जाळी विणणारा माणूस. तीन दिवस नुसता बघून जायचा. त्या दिवशी चपला काढून आत आला, मनगटाला जाळ्याची गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला. ‘आता तुटाचो नाय,’ एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन आला. मग बायका आल्या आणि विषय त्यांनीच काढला : मे महिन्यात वाडीच्या विहिरीला खारं पाणी येतं. खेळात राणी हंडा घेऊन राजाशी त्यावरूनच भांडली. सरपंच पहिल्या रांगेत. विहीर काही गोडी झाली नाही, पण पुढच्या ग्रामसभेला त्याच बायका पुढे येऊन बसल्या.

कागदांचं फार मनावर घेऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. तिथे ठराव करून घ्या, केंद्रप्रमुखांना कळवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकायला सांगितलंय, त्याचा आधार दाखवा. मानधन थोडं असलं तरी चालेल, पण आधी ठरवा आणि शेवटच्या दिवशी हातात द्या. हार-नारळावर बोळवण नको.

राहायला वर्ग चालेल, जेवण मात्र पाळीनं घरोघरी. पहिली पाळी सरपंचांकडे लावू नका, दुसऱ्या वाडीला ते लगेच खुपतं. आणि मासे खातो का, तेवढं आधी विचारून ठेवा. श्रावण असेल.