आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूसाठी नसतंच

तुमचा प्रश्न असा: मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन शरीरात ९० टक्के आतड्यात बनतं, मग मन प्रसन्न राहायला काय खावं आणि ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल घ्याव्यात का? आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकलाय. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सेरोटोनिनला आत सोडत नाही. मेंदू आपल्यापुरतं स्वतःच बनवतो. कच्चा माल दोन्हीकडे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच, पण एन्झाइमसुद्धा वेगळं: आतड्यात टीपीएच-१, मेंदूत टीपीएच-२.

मग आतड्याला एवढं कशाला लागतं? तिथल्या अस्तरात साधारण शंभरात एक पेशी हार्मोन बनवणारी असते. आकार सुरईसारखा. निमुळतं तोंड अन्नाच्या बाजूला, फुगीर बुडाशी हार्मोनच्या बारीक पुड्या. तोंडाशी ग्लुकोज आलं की एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन ते सोडियमसकट आत ओढतं. सोडियमच्या विद्युतभाराने पेशी उद्दीपित होते, कॅल्शियम आत शिरतं आणि बुडाच्या पुड्या रक्ताच्या बाजूला रिकाम्या होतात. स्निग्धाम्लांचे रिसेप्टर, म्हणजे त्यांना ओळखणारी प्रथिनं, वेगळे, अमिनो आम्लांचे वेगळे. थोडक्यात आतडंही चव घेतं, आपल्याला तिचा पत्ता नसतो इतकंच.

लहान आतड्याच्या सुरुवातीला जीआयपी आणि सीसीके ही हार्मोन सुटतात. सीसीकेला चरबी आणि प्रथिनं लागतात. ते पित्ताशय आकुंचित करतं आणि जठराला सबुरीने घ्यायला लावतं. खालच्या भागात जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन. या सगळ्याचा माझा आवडता पुरावा १९६४चा आहे. ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिलं तर इन्सुलिन जास्त स्रवतं, हे तेव्हा दिसलं. म्हणजे साखरेखेरीज आतड्याचाही निरोप, जीआयपी आणि जीएलपी-१च्या हाती, स्वादुपिंडाला गेलेला असतो! मूळ जीएलपी-१ मात्र दोनेक मिनिटांत निम्मं होतं, कारण डीपीपी-४ एन्झाइम ते तोडतं. जीएलपी-१सारखंच काम करणाऱ्या सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या आणि वजनाच्या औषधाची रचना बदलून ते आठवडाभर टिकेल असं केलंय, म्हणून ते इंजेक्शन आठवड्यातून एकदाच.

सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी याच कुटुंबातल्या, पण जरा जास्तच हळव्या. त्यांना पोषकद्रव्यं कळतात, अन्नाचा दाब कळतो, विषारी पदार्थही कळतात. सेरोटोनिन सुटलं की आतड्याची हालचाल सुरू होते. भरमसाट सुटलं तर आतडं आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूला खबर जाते आणि मळमळतं. केमोथेरपीतल्या उलट्यांचं हे एक मोठं कारण, आणि ओन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध तिथला सेरोटोनिनचा रिसेप्टर अडवतं म्हणूनच गुण येतो. डिप्रेशनच्या, सेरोटोनिनचा परिणाम वाढवणाऱ्या एसएसआरआय गोळ्यांनी सुरुवातीला पोट का बिघडतं, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. गोळीला डोक्यातलं आणि पोटातलं सेरोटोनिन वेगळं ओळखता येत नाही.

आता कॅप्सूल. ट्रिप्टोफॅन मेंदूत जातं, पण त्या दारात इतर मोठ्या अमिनो आम्लांचीही रांग असते. त्यामुळे प्रथिनयुक्त जेवणाने मेंदूतलं ट्रिप्टोफॅन वाढेलच असं नाही, कधी उलट घटतं. कॅप्सूलमध्ये ते एकटंच असल्याने रांगेचा प्रश्न कमी होतो, आणि धोकाही तिथेच आहे. एसएसआरआय चालू असताना ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: घाम, थरथर, छातीत धडधड, ताप. अशी कुठली गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.