वाचकांचे प्रश्न : तेच मागणे रोज मागावे का?

या वेळी दोन पत्रे घेतली आहेत. एक रत्नागिरीच्या तरुणाचे आहे आणि दुसरे वेंगुर्ले तालुक्यातील एका आईचे. पहिल्यात शास्त्रवाचनाची अडचण आहे, दुसऱ्यात प्रार्थनेची. परंतु दोन्ही पत्रे लागोपाठ वाचताना असे लक्षात आले की पहिल्याचे उत्तर नीट दिले, तर दुसऱ्याचे निम्मे उत्तर त्यातच येते. म्हणून क्रम तसाच ठेवला आहे.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात पाळीने काम करतो. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे असे ठरवून 1 जानेवारीपासून रोज तीन अध्याय वाचू लागलो. लेवीय या तिसऱ्या पुस्तकात आल्यावर वाचन रखडले आणि रात्रपाळी लागल्यावर थांबलेच. आता पुस्तक हातात घेतले की अपराधी वाटते. पुन्हा उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात करू का?

उत्तर : प्रिय बंधू, सलाम. पुन्हा उत्पत्तीपासून सुरुवात करू नका, आणि अपराधी तर मुळीच वाटून घेऊ नका. पवित्र शास्त्रात एकूण 1189 अध्याय आहेत. रोज तीन अध्याय धरले तर 397 दिवस लागतात, म्हणजे एकही दिवस न चुकता वाचले असते तरी तुमचा संकल्प वर्षात पुरा झाला नसता. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय संपवून तुम्ही जानेवारीअखेरीस लेवीयाच्या दाराशी पोहोचलात आणि तेथे होमबलीचे विधी, शुद्धाशुद्धतेचे नियम यांत अडकलात. तेथे अडकलेले तुम्ही पहिले नाही. त्या ग्रंथाचे मोल कमी आहे असे मात्र समजू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा त्याच्याच एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावे ही आज्ञाही तेथलीच. त्या ग्रंथाकडे सवडीने परत या.

आज लूकचे शुभवर्तमान उघडा. त्याचे 24 अध्याय आहेत. लूकच सुचवण्याचे कारण असे की प्रभू येशू प्रार्थना करताना या लेखकाने जितक्या वेळा दाखवला आहे तितका इतर तीन शुभवर्तमानकारांनी दाखवलेला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तो प्रार्थना करत होता, बारा शिष्य निवडण्याआधीची सबंध रात्र त्याने डोंगरावर प्रार्थनेत घालवली, आणि त्याला प्रार्थना करताना पाहूनच एका शिष्याने “आम्हांलाही शिकवा” असे म्हटले. चिकाटीच्या प्रार्थनेविषयीचे दोन दाखले, मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राचा आणि न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा, फक्त लूकमध्येच आहेत.

किती वाचावे हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कोकणातल्याच एका माणसाचे उदाहरण देतो. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी वाचायला घेतला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांचा पाय तेथून निघेना. ते प्रवचन अवघ्या तीन अध्यायांचे आहे. पुढे 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन अध्याय उरकणे निराळे आणि तीन अध्यायांनी माणसाला धरून ठेवणे निराळे. टिळकांच्या बाबतीत दुसरे घडले, आणि ते होण्यासाठी वाचणाऱ्याने थांबावे लागते.

तुमची पाळी बदलते, म्हणून वाचनाला घड्याळाची वेळ नेमू नका. ते एखाद्या रोजच्या कृतीला बांधा. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसण्यापूर्वी, असे ठरवा. मग ती वेळ सकाळची असो वा रात्रीची. अर्धा अध्याय मोठ्याने वाचा, कारण थकलेले डोळे ओळीवरून घसरतात, पण कानावर पडलेला शब्द मनात राहतो. त्यातले एक वाक्य निवडा आणि तेच देवाशी बोला. उदाहरणार्थ, लूकच्या पाचव्या अध्यायात शिमोन हा कोळी येशूला म्हणतो की आम्ही सारी रात्र कष्ट केले, पण काही मिळाले नाही, तरी तुमच्या शब्दावरून जाळी सोडतो. रात्रभर फिरून रिकाम्या परतलेल्या बोटी धक्क्यावर रोज पाहणाऱ्या तुम्हांला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रपाळी करून तुम्ही घरी आलात, अंग मोडून गेले आहे, प्रार्थनेला शब्द नाहीत. अशा वेळी शिमोनाचे वाक्य तुमचे होऊ द्या. एखादा दिवस चुकला तर मागची थकबाकी भरायला बसू नका, त्या दिवशीचे तेवढे वाचा.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभू येशूच्या नावात सलाम. माझा एकुलता एक मुलगा सहा वर्षांपासून दारूच्या आहारी गेला आहे. तीन वर्षांपूर्वी भांडण करून तो गोव्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघून गेला. 1 जूनला बोटी बंद झाल्या की बाकीचे खलाशी घरी येतात. तो यंदाही आला नाही. मी रोज पहाटे त्याच्यासाठी तेच मागणे मागते. आमच्या नात्यातील एक बाई म्हणतात की विश्वासाने एकदाच मागावे आणि आभार मानून मोकळे व्हावे. पुन्हा पुन्हा मागणे हा अविश्वास आहे, आणि व्यर्थ बडबड करू नका असे प्रभूनेही सांगितले आहे. आता तर मला शब्दही सुचत नाहीत. मी चुकते आहे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. तुम्ही चुकत नाही.

त्या बाईंनी सांगितलेले वचन मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, हे खरे. परंतु तेथे प्रभूने नाकारली आहे ती शब्दांच्या ढिगाऱ्याने देवाला वश करता येते ही समजूत. त्याच्या लगेच पुढे त्याने जी प्रार्थना शिकवली, तीत “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” असे मागणे आहे. जी भाकर आजची आहे, ती उद्या पुन्हा मागावी लागते. म्हणजे प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच एकदा म्हणून संपवता येत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की तिसऱ्या वेळीही शब्द तेच होते. “मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल” या वचनातील मागा, शोधा, ठोका ही क्रियापदे मूळ ग्रीक भाषेत चालू क्रिया दाखवणाऱ्या रूपात आहेत. त्यांचा भाव मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा असा आहे. त्या बाईंच्या बोलण्यातील आभार मानण्याचा भाग मात्र अवश्य घ्या. प्रेषित पौलानेही फिलिप्पैच्या मंडळीला आभारासह मागणी करा असेच लिहिले आहे.

आता विधवेच्या दाखल्याकडे या, कारण तो आपण पुष्कळदा उलटा वाचतो. वारस नोंदीसाठी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालणारी बाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. दाखल्यातील न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाची पर्वा करत नाही. शेवटी तो कंटाळून न्याय देतो. त्याच्या तोंडी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे: ही बाई येऊन येऊन मला बेजार करील, असे तो म्हणतो. हे वाचून आपण समजतो की देवही असाच आहे, त्यालाही कंटाळा येईपर्यंत धरणे धरून बसावे लागते. प्रभू याच्या नेमके उलट सांगत आहे. असा माणूसदेखील अखेर ऐकतो, तर अनाथांचा व विधवांचा न्याय करणारा म्हणून ज्याची ओळख जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात दिली आहे, तो देव आपल्या लेकरांचे कितीतरी अधिक ऐकणार नाही काय? तुमच्या पत्रात मला जे भय जाणवले ते हेच आहे, की आपण देवाला त्रास देत आहोत. तुम्ही पहाटे ज्याच्या दारी जाता, तो त्या न्यायाधीशासारखा नाही. आणि दाखल्याचा शेवट पाहा. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असा प्रश्न विचारून प्रभू थांबतो. सबंध दाखला न थकता मागण्याविषयी आहे, आणि अखेरचा शब्द विश्वास हा आहे. प्रभूच्या लेखी दार ठोकत राहिलेली ती बाई विश्वास धरणारी आहे.

तुमचे पत्र वाचताना मला मोनिका आठवली. ती उत्तर आफ्रिकेतील एक ख्रिस्ती आई होती. तिचा मुलगा ऑगस्टीन बुद्धीने तल्लख, पण वागण्याने व मतांनी तिच्यापासून फार दूर गेलेला. माझ्या मुलाला समजावा म्हणून तिने एका बिशपाकडे इतका आग्रह धरला की त्याने काहीसे त्रासूनच तिला सांगितले, जा, ज्याच्यासाठी एवढे अश्रू गाळले गेले त्या पुत्राचा नाश होणे शक्य नाही. इसवी सन 383 मध्ये ऑगस्टीन रोमला जायला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत त्याच्या मागोमाग गेली. मित्राला निरोप द्यायचा आहे असे खोटे सांगून त्याने तिला बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावली. ती तेथे रडत प्रार्थना करत असताना वारा सुटला, शिडे भरली आणि तो निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर तिचा आक्रोश झाला. त्या रात्री तिने नेमके जे मागितले होते, ते नाकारले गेले. पण त्याच प्रवासातून तो पुढे मिलान येथे पोहोचला, तेथे बिशप अँब्रोजची प्रवचने त्याच्या कानी पडली, आणि 387 च्या पुनरुत्थान सणाला (ईस्टरला) त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिका समुद्र ओलांडून त्याच्यामागे गेली होती, म्हणून ते तिला पाहता आले. ऑगस्टीनने नंतर स्वतःच लिहिले की आईचे त्या वेळचे मागणे देवाने दिले नाही, ते तिचे नेहमीचे मागणे देण्यासाठी.

यावरून तुमचा मुलगा 1 ऑगस्टला बोटी सुटण्यापूर्वी घरी येईल, असे वचन मी तुम्हांला देऊ शकत नाही, आणि जो कोणी असे वचन देईल त्यावर विसंबू नका. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. तो निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे” हे उत्तर त्याला मिळाले. तुमच्या मुलालाही स्वतःची इच्छा आहे, आणि देव ती मोडून कोणाला ओढून आणत नाही. परंतु ज्या दिवशी तो घराकडे तोंड फिरवील, त्या दिवशी दार आतून लावलेले नसावे, एवढे तुमची पहाटेची प्रार्थना नक्की करते. कारण रोज ज्याचे नाव देवापुढे घ्यावे, त्याचा द्वेष करत राहणे माणसाला जमत नाही.

तुम्ही किनाऱ्यावरच्या आहात, रापण ओढताना पाहिली असेल. होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळ करून येते आणि दोन्ही टोकांना माणसे दोर धरतात. कितीतरी वेळ हाताला नुसता दोर लागतो. जाळे लांब पाण्यात असते, त्यात काय आहे ते कोणालाच दिसत नाही, तरी हात सोडता येत नाही. लहानपणी मीही त्या दोराला हात लावला आहे. तेव्हा कळलेली गोष्ट अशी की रापण एकट्याने ओढता येत नाही. तुम्ही मात्र तीन वर्षे एकट्या ओढत आहात. मंडळीतील दोन विश्वासू भगिनींना तुमच्याबरोबर घ्या. चारचौघांत बोलायची लाज वाटत असेल तर त्या दोघींनाच सांगा. दारूचे व्यसन हा आजारही आहे, त्यासाठी डॉक्टरी उपचार आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तेथे जाणे म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास उडणे नव्हे. त्याचा फोन लागत असेल, तर उपदेश न करता जेवलास का एवढे विचारत जा.

शब्द सुचत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. ते शास्त्रातून घ्या, त्यात कमीपणा नाही. वधस्तंभावर प्रभूनेही स्तोत्रांतलेच शब्द उच्चारले. तुमच्यासाठी मी 107 वे स्तोत्र निवडले आहे, 23 ते 30 ही वचने. जहाजांतून समुद्रावर उतरणाऱ्यांचे ते वर्णन आहे. वादळात ते मद्यप्यासारखे झोकांड्या खातात, त्यांची अक्कल गुंग होते, मग ते परमेश्वराचा धावा करतात, आणि तो त्यांना इच्छिलेल्या बंदरास नेतो. रोज पहाटे हे मोठ्याने वाचा आणि जेथे “ते” असे आहे तेथे मुलाचे नाव घाला. ज्या दिवशी तेवढेही जमणार नाही, त्या दिवशी नुसते नाव घ्या. आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायात आहे.

पत्रात तुम्ही मुलाचे नाव लिहिले आहे. ते येथे छापलेले नाही. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेच्या वहीत ते लिहून ठेवले आहे, आणि तुम्ही कळवेपर्यंत ते दर बुधवारी घेतले जाईल.